सातावर उठलेली मुलगी

१

माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव. लाव पैज. हरशील तू. या गावात मला जन्मापासून ओळखणारी माणसं आहेत, आणि मी "आग लागली" म्हणून ओरडले तर ती आधी खिडकीतून डोकावून बघतात, मी हसतेय का ते. त्यांचंही चुकत नाही. पाद्रीबाबांच्या मिटलेल्या छत्रीत पीठ मीच भरलं होतं. समोरच्या लेओकादियाच्या लोणच्याच्या पिंपात रबरी बेडूक मीच सोडला होता. म्हातारी अजून प्रत्येक काकडी उजेडात धरून बघते, मग तोंडात घालते.

तर तू, पोरी, चहा पी आणि ऐक. खोटं वाटलं तर उत्तमच. मलासुद्धा ते खोटं निघालेलं हवंय.

मी होनोराता. या घरातल्या तीन खोल्या भाड्याने देते. तुझ्यासारखी, लुब्लिनला शिकायला आलेली परदेशी पोरं शनिवारी पाठीवर पिशव्या टाकून इथे येतात. आमचं चर्च बघतात, ऑर्थोडॉक्सांचं चर्च बघतात, ज्यूंचं जुनं प्रार्थनाघर बघतात. मग उंच काठावर उभं राहून बुग नदीचा फोटो काढतात, कारण पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा. गवत दोन्हीकडे सारखंच आहे, पण फोटो काढतात. आणि भूक लागली की माझ्याकडे येतात. मी बटाटे किसून, त्यात डुकराचं खारवलेलं मांस घालून बाबका भाजते, वर आंबट साय. त्यानंतर कुणी चर्चचं नाव काढत नाही.

सगळी मला बाब्चा म्हणतात. म्हणजे आजी. मला स्वतःचं पोर झालं नाही, त्यामुळे फुकटात मिळालेलं मी परत करत नाही.

त्या वर्षी तिघं यायची. एका वर्गातली, जुन्या इमारती दुरुस्त कशा करायच्या ते शिकणारी. एक लेफ्तेरिस, ग्रीसचा, झोपेतही बडबडणारा. एक ओस्कारी, फिनलंडचा, दारात वाकून यायचा आणि वाकून जायचा, मधे काही बोलल्याचं आठवत नाही. आणि बेनेदिता, पोर्तुगालची. शनिवार-रविवार ही तिघं कुठे कुठे जायची. क्राकूफ झालं, विल्नो झालं, प्राग झालं. पण फिरून फिरून माझ्या बाबकेपाशी.

बेनेदिता हसली की उचकी लागल्यासारखी हसायची. लोक चर्चचे फोटो काढतात, ही दारांच्या कड्यांचे काढायची. आमची भाषा शिकायची हौस फार. मी शिकवली की! लेओकादियाला सकाळी काय म्हणायचं ते शिकवलं. पोरगी रविवारी चर्चच्या पायरीवर, सगळ्या गावासमोर, हात जोडल्यासारखी वाकून तिला म्हणाली, "तुमच्या मिशा तुम्हाला फार शोभतात."

लेओकादिया महिनाभर माझ्याशी बोलली नाही. फार सुखाचा महिना गेला तो.

आणि आकडे शिकली. एकपासून दहापर्यंत. पण आमच्या भाषेतला चार काही तिच्या जिभेवर बसेना. दर वेळी चारला अडखळायची, आणि दर वेळी ते उचकीचं हसू.

२

आमच्याकडे प्रवासाला निघायचं म्हणजे आधी बसायचं. सामान बांधून झालं, कोट चढवले, बूट घातले, की सगळ्यांनी टेकायचं आणि गप्प राहायचं. मग उठायचं, जायचं. का ते मला विचारू नकोस. माझी आई बसायची, तिची आई बसायची.

आणि काही विसरलं म्हणून वाटेतून परत आलात, तर नुसतं उचलून पळायचं नाही. पुन्हा बसायचं, दहा मोजायचे, मगच उठायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

फेब्रुवारीतला रविवार होता. नदी गोठलेली. तिघं बसली, मी बसले. उठली, निघाली. मी भांड्यांना हात लावते तोच दार धाडकन उघडलं. बेनेदिता.

"बाब्चा, माझा मफलर!"

मफलर चुलीशेजारच्या बाकावर होता, आणि त्याच्यावर क्लुस्का. क्लुस्का म्हणजे माझी मांजर, उकडलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी, म्हणून नावही तेच.

"घे मफलर. आणि बस," मी म्हटलं. "परत आलीस ना? दहा मोज."

"बाब्चा, गाडी सुटेल!"

"गाडी लेओकादियाचा भाचा चालवतो. तो स्वतः पाकीट विसरला तर बसतो. बस म्हणते ना!"

बसली. मांजर मांडीवर घेतली. तिच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवत, मला खूश करायला मोठ्याने मोजायला लागली. एक. दोन. तीन. चारला जीभ अडकली, हसली. पाच. सहा. सात.

बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक, उर्मट.

ती उठली. मांजर बाकावर, मफलर गळ्यात, माझ्या गालाचा मुका, आणि बाहेर. मी मागून ओरडले, "अगं, तीन राहिले!"

"पुढच्या वेळी, बाब्चा! पुढच्या वेळी तेरा मोजेन!"

हिशोब बरोबर केला होता पोरीने.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटाटे सोलत होते. क्लुस्का बाकावर झोपली होती. रोजच झोपायची. पण तिच्या पाठीवरचे केस चपटे होत होते. डोक्याकडून शेपटीकडे. मग पुन्हा डोक्याकडून. मांजर डोळे मिटून घुरघुरत होती.

वारा, मी म्हटलं. दार बंद होतं. खिडक्यांच्या फटी मी नोव्हेंबरातच कागद चिकटवून बुजवल्या होत्या. बरं, म्हटलं, म्हातारे डोळे. मी बटाट्यांकडे बघायला लागले.

मग आवाज आला. आधी वाटलं नळ गळतोय. नळ आवळला. मग वाटलं रेडिओ. रेडिओची वायर काढली. आवाज तसाच. हळू, कुजबुजीएवढा, बाकाकडून. खालून नाही, वरूनही नाही. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथून.

एक. दोन. तीन. मग अडखळणं. मग ते इवलंसं उचकीचं हसू. पाच. सहा. सात.

आणि गप्प. एक श्वास घ्यावा इतकं गप्प. मग पुन्हा एक.

मी काय केलं असेल? हसले! मांड्या बडवून हसले. लेफ्तेरिसच्या बुटात मी आदल्याच दिवशी खारवलेली काकडी घातली होती. मेल्याने उट्टं काढलं, म्हटलं, बोलणारं काही यंत्र ठेवून गेला. गुडघ्यावर बसून बाकाखाली झाडू घातला. निघालं काय? केसांची पिन, सुकलेला एक बटाटा, आणि माझा चष्मा, जो चोरल्याचा आळ मी दोन वर्षं लेओकादियावर घेत होते. यंत्र नाही. उशी उसवली. कापूस. बाक भिंतीपासून ओढला. भिंत.

बाक ओढला तेव्हा आवाजही त्याच्याबरोबर सरकला.

मी लेओकादियाला बोलावलं. तिला आधी काही सांगितलं नाही. चहा दिला, समोर बसवलं. तिने ऐकलं. तोंडातला साखरेचा खडा चावायची थांबली.

"चूल आहे," ती म्हणाली. "थंड होताना तिच्यावरच्या टाइल्स तडतडतात."

"चूल हसते का गं?"

तिने पेला खाली ठेवला, छातीवर क्रूस काढला आणि उठली. त्या दिवसापासून ती माझा चहा बाहेर पायरीवर प्यायला लागली. बर्फ पडत असला तरी. "आत धूर फार असतो तुझ्याकडे," म्हणायची.

४

मार्च लागला तसं तिघं पुन्हा आली. मी दारातच बघितलं. बेनेदिताने कोट काढला आणि खुंटीला नीट, बाही सरळ करून लावला. आधी ती कोट फेकायची. खुंटीला लागला तर लागला.

"कशी आहेस गं, मिशीवाले?"

"बरी आहे, बाब्चा. आभारी आहे. तुमची तब्येत कशी आहे?"

आजारी माणूस बघायला आल्यासारखं. मी लेफ्तेरिसकडे बघितलं. त्याने खांदे उडवले, पण तोंड गप्प होतं. आणि ते तोंड गप्प बघणं म्हणजे नदी उलटी वाहताना बघणं.

"चला आत, बाबका गरम आहे," मी म्हटलं.

दोघे पोरगे आत गेले. ती उंबऱ्यावर थांबली. बाकाकडे बघत होती. त्या वेळी आवाज नव्हता, शपथ घेऊन सांगते, तेव्हा चूलही गप्प होती. बाकावर फक्त मांजर.

"मी बाहेरच बसते, बाब्चा," ती हळूच म्हणाली. "आत जागा नाही."

अख्खं स्वयंपाकघर रिकामं होतं, पोरी. सहा माणसं नाचतील एवढं.

तिने बाबका पुढच्या खोलीत खाल्ली. अर्धी. ताट धुवायला आणून उंबऱ्याशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी कड्या-कुलपांचा एकही फोटो काढला नाही. नदीवर गेली तेव्हा ओस्कारीने बर्फाचा गोळा तिला मारला, तर तिने कोट झटकला आणि "काही हरकत नाही" म्हणाली. ओस्कारीचा चेहरा असा झाला की जणू त्याने चर्चची काच फोडली.

पंधरा दिवसांत ती शिक्षण अर्धवट सोडून घरी गेल्याचं कळलं.

५

एप्रिलात लेफ्तेरिस एकटाच आला. डोळ्यांखाली काळं. म्हणाला, डॉक्टर म्हणतात मनाचा आजार आहे. लांबचा हिवाळा, अंधार, घराची आठवण. गोळ्या घेते. तिच्या आईचा फोन येतो, आई विचारते, तुमच्याकडे हिचं काय झालं, कुणी काही केलं का हिला?

"कुणी केलं का?"

"नाही, बाब्चा! आम्ही फक्त फिरायचो." मग नखाने टेबलाची कड खरवडत बसला. पोर्तुगीज शिकत होता तो तेव्हा. का ते मी विचारलं नाही. कान लाल व्हायचे त्याचे.

मी सांगितलं त्याला. सगळं. मांजर, नळ, रेडिओ.

तो ताडकन उठला. "तुम्हाला लाज नाही वाटत?" म्हणाला. "मुलगी आजारी आहे, आणि तुम्हाला थट्टा सुचते?"

आयुष्यभर गावाला फसवलं, आणि ज्या दिवशी खरं बोलायची वेळ आली त्या दिवशी तोंड तेच होतं. मी फक्त म्हटलं, "जा. बाकासमोर स्टुलावर बस. मी अंगणात थांबते. मी घरात नसताना ऐकू आलं तर माझी थट्टा नाही ना?"

मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. सगळे दाणे संपले. तो बाहेर आला आणि कोंबड्यांच्या मधेच चिखलात बसला.

"चारला," तो म्हणाला. "बाब्चा, ती चारला हसते."

"माहीत आहे रे."

"ती तर आता कशालाच हसत नाही."

त्याने तिथूनच तिच्या आईला फोन लावला.

६

आई आली. ग्रासा तिचं नाव. तिकडे पोर्तुगालात, सेतुबालला एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, हातांवर भाजल्याचे डाग, माझ्यासारखेच. तिला माझी भाषा नाही, मला तिची नाही. मधे लेफ्तेरिस, मोडकंतोडकं. तिने मला नीट नमस्कारसुद्धा केला नाही. वेडी म्हातारी बघायला आली होती ती, आणि तिला बघून मला बरंच वाटलं. म्हटलं, ही तरी शहाणी आहे. ही सांगेल की नळ गळतोय.

दुपारची वेळ. उन्हाचा पट्टा बाकावर. ग्रासा पर्स मांडीवर धरून स्टुलावर बसली.

एक. दोन. तीन.

चार यायच्या आधीच तिने तोंडावर हात दाबला होता. आईच ती. अडखळणं झालं, हसू झालं. पर्स खाली पडली. ती उठून बाकावर गेली आणि मांजरीशेजारी, थोडी जागा सोडून, बसली. हातांनी काही चाचपलं नाही. फक्त मान वळवली, जसं आपण शेजारी बसलेल्याकडे वळवतो.

मी लेफ्तेरिसला म्हटलं, "तिला सांग, पोरीला इथे आण. या बाकावर बसव. पुढचे आकडे मोजायला लाव, आणि मग उठव."

त्याने सांगितलं. ग्रासाने काहीतरी विचारलं.

"ती विचारते, मग हिचं काय होईल? इथल्या हिचं?"

"मला काय माहीत! मी काय पोप आहे?"

"ती विचारते, ही तिच्यात जाईल, की जाईल कायमची?"

पोरी, मी तोंडाला येईल ते ठोकून देणारी बाई. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून मला एक साधं खोटं सुचलं नाही.

ग्रासा बराच वेळ बोलली, लेफ्तेरिस जमिनीकडे बघत सांगत गेला. "ती म्हणते, घरी आहे ती माझी मुलगी नाही. घरी कुणीतरी आहे. 'हो आई' म्हणतं, ताट धुतं, रात्री दिवा बंद करतं. मला भीती वाटते तिच्या खोलीत जायला. माझी मुलगी ही. ही हसते."

७

आठवडाभर राहायला आलेली बाई जूनमध्येही होती. मग जुलैमध्ये. वरची मागची खोली तिला दिली. माझ्या स्वयंपाकघरात ती लसूण घालून मासे शिजवायची, आणि मी नाकाला फडकं लावून तिला शिव्या द्यायचे, आणि ती तिच्या भाषेत मला द्यायची. छान जमलं आमचं. कामं झाली की ती बाकावर बसायची, विणकाम घेऊन, आणि बरोबर मोजायची. आमचे आकडे शिकली ती असे. सातापर्यंत. आठ कधी तोंडातून काढला नाही. सात झाले की ओठ घट्ट मिटायची आणि वाट बघायची, पुन्हा एक येईपर्यंत. तेवढ्या वेळात तिची मान ताठ व्हायची, आणि एक आला की सैल.

मी पण दबकून वागायला लागले. एकदा अंडी मोजताना आठ म्हणणार होते, तिने झडप घालून माझ्या तोंडावर हात ठेवला. अंडी फुटली.

तिचा फोन रोज वाजायचा. घरून, पोरीचा. आधी ती घ्यायची, दोन शब्द बोलायची. मग टेबलावर वाजू द्यायची. मग फोन चमच्यांच्या खणात ठेवायला लागली. खणात तो वाजला की सगळे चमचे थरथरायचे.

"घे ना," मी खुणेने सांगायचे. "पोरगी आहे तुझी."

ती बाकाकडे बोट दाखवायची.

लेफ्तेरिस आणि ओस्कारी उन्हाळ्यात पोर्तुगालला जाऊन आले. शनिवार-रविवार तिला बाहेर काढलं, किल्ला दाखवला, समुद्रावर नेलं. लेफ्तेरिस म्हणाला, "बाब्चा, ती प्रयत्न करते. आईचं घर एकटी सांभाळते. मला म्हणाली, मी आईला नकोशी झालेय, कारण मी उरलेली आहे."

आणि मला आणखी एक कळत होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आवाज झिजत होता. चारचं हसू आधी उचकीएवढं होतं, आता नुसता श्वास. सप्टेंबरात कधी कधी मला फक्त ग्रासाचा आवाज ऐकू यायचा, एकटीचा. मी मांजरीकडे बघायचे. केस अजून चपटे व्हायचे, पण मधे मधे हात थांबायचा, दमल्यासारखा.

ग्रासाला ऐकू येत होतं की ती स्वतःलाच ऐकत होती, देव जाणे. मी विचारलं नाही. तुला तरी विचारवलं असतं का?

८

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्चच्या घंटा नुकत्या थांबल्या होत्या, तेव्हा दार उघडलं. लेफ्तेरिस. त्याच्यामागे वाकून ओस्कारी. आणि दोघांच्या मधे बेनेदिता. बारीक झालेली. तिने आईला कळवलं नव्हतं.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. आत आली नाही.

ग्रासा बाकावर होती. मोजत होती. मान वर करून तिने बघितलं. पोरी, मी आया बघितल्या आहेत, स्टेशनवर, दवाखान्यात, कबरीपाशी. पण आपल्या पोरीकडे असं बघणारी नाही बघितली. भाड्याची खोली विचारायला आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं.

"आई," पोरगी म्हणाली. पुढचं लेफ्तेरिस माझ्या कानाशी सांगत होता. "आई, घरी चल."

"हळू बोल. ती मोजतेय."

"मी इथे आहे, आई."

"दार लाव. गार वारा येतोय तिला."

पोरीने चौकटीला धरलं. "मला सगळं आठवतं. तू लहानपणी माझे केस विंचरायचीस ते आठवतं. पण दुसऱ्या कुणाच्या घरातले फोटो बघावेत तसं आठवतं. तू जवळ असतीस तर कदाचित... मी तुला रोज फोन केला."

ग्रासाने ओठांवर बोट ठेवलं. कारण आवाज आला होता. मीही ऐकला, आणि बऱ्याच दिवसांनी ऐकला. कापसाच्या धाग्याएवढा. पाच. सहा.

सात.

ग्रासाने ओठ मिटले. आम्ही सगळे थांबलो.

"आठ," बेनेदिता दारातून म्हणाली.

आमच्या भाषेत. स्वच्छ.

ग्रासा उठायला गेली, तिच्या मांडीवरचं विणकाम पायात अडकलं. "नको!" एवढं मलाही कळलं, त्याला भाषा लागत नाही.

"नऊ."

मांजरीने डोळे उघडले आणि वर बघितलं. आपण कुणाच्या चेहऱ्याकडे बघतो तसं वर.

"दहा."

मी काय बघितलं ते सांगते, जास्त काही नाही. बाकावरची उशी. मांजरीच्या पलीकडे ती दबलेली होती. इतके महिने तशीच होती बहुतेक, आणि मी रोज तिथून झाडू फिरवत होते. ती हळूहळू वर आली. ओल्या फडक्याखाली झाकलेली कणीक फुगते तशी. सपाट झाली. बस.

क्लुस्का उडी मारून खाली उतरली आणि कुणीतरी चालत असावं तसं, मान वर धरून, जमिनीवरून दारापर्यंत गेली. बेनेदिताच्या पायाशी जाऊन थांबली.

पोरगी मांजरीकडे वाकली आणि तिचा तोल गेला. लेफ्तेरिसने धरलं म्हणून वाचली. आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. अर्धा हुंदका, अर्धी उचकी. मी ओळखला. लेफ्तेरिसने ओळखला. त्या मुक्या ओस्कारीनेसुद्धा भिंतीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

फक्त ग्रासाने ओळखला नाही. ती उशीवर पालथी पडली होती. दोन्ही हातांनी ती उशी खाली दाबत होती, पुन्हा दबावी म्हणून.

"आई," पोरगी म्हणाली. आता ती आत आली होती. बाकाशी बसली होती. तिचा आवाज भरलेला होता, ओला होता, तो खरा तिचा होता. "आई, बघ ना. मीच होते ती."

ग्रासाने तोंड वर केलं. पोरीकडे बघितलं, केसांकडे, हनुवटीकडे, नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

९

दुपारच्या गाडीने गेल्या दोघी. निघताना मी सगळ्यांना बसवलं. पोरगी बसली, पोरगे बसले. ग्रासा उभी राहिली. मी तिचा हात ओढला, तिने सोडवून घेतला. माझ्या बाकाकडे एकदा वळून बघितलं, आणि सगळ्यांच्या आधी बाहेर गेली.

लेफ्तेरिसचा फोन येतो अधूनमधून. सेतुबालला राहतो तो आता. बेनेदिता पुन्हा शिकतेय, पुन्हा कड्या-कुलपांचे फोटो काढते, कोट फेकते. हसते. आईबरोबर त्याच घरात राहते. ती हसली की आई उठून दुसऱ्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. जेवायला ये म्हटलं की येते. "आभारी आहे," म्हणते पोरीला.

मी ग्रासाला पत्र लिहायला बसले होते. चौथीनंतर मला शाळेत कुणी पाठवलं नाही, पण लिहिता येतं. लिहून काय लिहू? की तुझी पोरगी तुला मिळाली? तिला ते माहीत आहे. तिला ते पोरीने सांगितलंय, डॉक्टरांनी, पाद्र्याने. तिला नको ती. तिला माझ्या स्वयंपाकघरातली हवीय.

आणि खरं सांगू? खरं म्हणजे माझं खरं, घे किंवा टाकून दे. मलाही हवीय. बारा खुर्च्या आहेत या घरात, शनिवारी सगळ्या भरतात. पण सोमवारी सकाळी, तुम्ही सगळे गेलात की, चुलीशेजारी कुणीतरी असायचं. मी बटाटे सोलायचे, ते मोजायचं. तिथे कुणी घाई करत नव्हतं. आता मांजरसुद्धा त्या बाकावर बसत नाही. आता हे स्वयंपाकघर इतकं गप्प आहे की लेओकादिया पुन्हा आत येऊन चहा पिते, आणि मला ती आलेली आवडत नाही.

काय बघतेस? रडत नाहीये मी. फसवलं तुला. सगळं बनवून सांगितलं, बाबकेबरोबर प्रत्येकाला सांगते. हरलीस की नाही पैज?

ऊठ. तुझ्याबरोबरची पोरं फाटकापाशी थांबलीत. जा आता. मला कांदा चिरायचाय, आणि मी कांदा चिरताना कुणी बघितलेलं मला चालत नाही.